अण्णांनी ऐकलेले बोलपट

दसरा झाला की बोईसरच्या पूर्वेकडचं गवत रंग बदलू लागतं. आधी टोकं तांबूस होतात, मग देठ, आणि आठ-दहा दिवसांत सगळा माळ भाजलेल्या पापडाच्या रंगाचा दिसतो. डोंगराकडच्या गावांतली कुटुंबं विळे घेऊन खाली उतरतात. कापलेलं गवत उन्हात उलटंपालटं होऊन आमच्या वखारीत येतं. तिथे ते दाबून गाठी बांधतात आणि वॅगनी भरभरून त्या मुंबईच्या तबेल्यांकडे जातात. मी त्या वखारीत कारकून आहे. ओलं गवत काट्यावर जड भरतं आणि गंजीत आतून तापतं, म्हणून मूठभर हातात घेऊन हुंगल्याशिवाय मी वजन मांडत नाही. दिवसभर त्यातच असल्यामुळे त्याचा वास मला एरवी जाणवत नाही. वर्षातून एकदाच जाणवतो. वखारीपलीकडचा माळ कापून मोकळा होतो, टूरिंग टॉकीजची माणसं तिथे तंबूचे खांब पुरायला येतात, त्या दिवशी. तेव्हा वासाबरोबर अण्णाही आठवतात आणि दिवसभर हिशेबात चुका होतात.

या वर्षी खांब पुरले त्या संध्याकाळी भोंग्यावर पहिली तबकडी वाजली, तशी विमलने, माझ्या बायकोने, उठून पूर्वेची खिडकी लावून घेतली.

"डास येतात," ती म्हणाली.

दिवाळीच्या तोंडावर डास असतातच. पण डास पश्चिमेच्या खिडकीतूनही येतात, आणि ती उघडी होती.

अण्णा म्हणजे विमलचे वडील. नगरजवळच्या एका खेड्यात त्यांनी जन्मभर शाळामास्तरकी केली. आमच्याकडे ते आले तो हिवाळा तारापूरच्या वीज केंद्राचं काम नुकतं सुरू झालं होतं तेव्हाचा. बोईसरच्या बाजारात हिंदी ऐकू येऊ लागली होती, सालवडकडे कामगारांच्या झोपड्या उठत होत्या, आणि चहाच्या दुकानांत बसायला जागा मिळेनाशी झाली होती. त्याआधीच्या उन्हाळ्यात विमलची आई गेली होती. अण्णांचा मुलगा वसंता नगर शहरात राहतो. तो आणि त्याची बायको दोघंही नोकरीला. घर दीड खोलीचं. दोघं भली माणसं आहेत, पण सकाळी नऊला कुलूप लावल्यासारखं घर शांत होई आणि अण्णा त्या शांततेत भिंतीकडे बघत बसत. तेव्हा बदल म्हणून, फक्त दिवाळीपुरते, ते आमच्याकडे आले.

'फक्त दिवाळीपुरते' हे त्यांनी स्टेशनवर उतरल्या उतरल्याच सांगितलं. त्यांच्या घराण्यात मुलीच्या घरी मुक्काम ठोकायची रीत नव्हती. त्यांचे वडील तर मुलीच्या घरचं पाणीही पीत नसत. अण्णा स्वतःला सुधारक म्हणवत, पाणी पीत, जेवतही. पण पहिला घास घेताना किंचित थांबत, जणू कुणी हरकत घेतंय का ते बघत. त्यांची वळकटी कोपऱ्यात असे. रात्री तिचा दोर सोडायचा, सकाळी अंथरूण गुंडाळून पुन्हा करकचून बांधायचा. विमल म्हणे, "अहो अण्णा, पडू द्या ना तशीच. मी उचलते." ते म्हणत, "कशाला? जायचंच आहे." रोज सकाळी तो दोर आवळल्याचा आवाज आला की चुलीपुढे बसलेल्या विमलचा हात थांबायचा. मी ते बघत असे.

अण्णांचे गुडघे गेले होते. ओटीपासून अंगणापर्यंत काठीने जाणं हाच त्यांचा प्रवास. तंबू आमच्या घरापासून फार लांब नाही, पण मध्ये खाचर, बांध आणि वखारीचा चढ. त्यांना ते जमणारं नव्हतं. पहिल्याच सिनेमाला आम्ही निघालो तेव्हा ते म्हणाले, "जा तुम्ही. मी घर राखतो." घरात राखण्यासारखं काय होतं ते देव जाणे. मी, विमल आणि आमची कुंदा, जी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती, तिघं गोणपाट घेऊन निघालो. मागे वळून बघितलं तर ते खाटेवर ताठ बसले होते, खरोखर राखण करणाऱ्या माणसासारखे.

तंबूतला सिनेमा ज्यांनी बघितला नसेल त्यांना सांगतो. एकीकडे बायका, एकीकडे पुरुष, मध्ये दोर. यंत्र एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागतात आणि दुसरं चढेपर्यंत सगळे पडद्यावरच्या माणसांची निंदा करतात. दोराच्या अलीकडून पलीकडे आपापल्या बायकोला हाका मारून विचारतात, "समजलं का गं? तो खोटा भाऊ आहे!" कामगार मागे बसून शिट्ट्या घालतात, कुणी ओरडतो, "अरे भाई, रील उलटी है!" नुकत्या कापलेल्या गवताच्या खुंटांवर बसल्यामुळे सिनेमा संपल्यावर सगळेजण मागचा भाग चोळत घरी येतात. पोथीतल्या कथेचा सिनेमा असो नाहीतर खुनाचा, हे दोन्हीकडे सारखंच.

पहिला सिनेमा देवांचा होता. घरी आलो तर अण्णा जागे. म्हणाले, "देव फार ओरडतात हो तुमच्याकडचे."

"तुम्हाला ऐकू आलं?" विमलने विचारलं.

"सगळं. नारद सोडून. तो मधूनच बारीक होतो. वारा पडतो बहुतेक तेव्हा."

आमच्याकडे थंडीत अंधार पडला की वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. तंबू पूर्वेला, घर पश्चिमेला. भोंग्यातला शब्दन् शब्द आमच्या खिडकीतून आत येत होता. एकच खेळ आठ-आठ दिवस चाले. म्हणजे आम्ही जो सिनेमा एकदा बघत होतो, तो अण्णा रोज ऐकत होते. सिनेमा हा शब्द त्यांना पसंत नव्हता. ते जुन्या माणसांसारखं बोलपट म्हणत, आणि त्यांच्या बाबतीत तोच शब्द बरोबर होता.

दिवाळी झाली. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "आता निघायला हवं." विमल भांडी घासत राहिली. मग त्यांनीच घसा साफ केला. "तो हिंदी बोलपट लागलाय नवा. खुनाचा. खून कुणी केला ते मात्र अजून नीट कळलं नाही. शेवटी फार गोंधळ करतात ते लोक. तेवढं कळलं की जातो."

खून कुणी केला ते कुंदाने तिथल्या तिथे सांगितलं असतं. तिने तोंड उघडलंही होतं. विमलने तिला असा चिमटा काढला की ती ओरडलीच.

त्यानंतर ते प्रत्येक खेळाला एक खेळ वाढवत गेले. हा बदलला की निघतो. बदलल्यावर, या नव्याचं कथानक तेवढं कळू दे. आम्ही तिघं मान डोलवायचो. मी आकडेमोड करणारा माणूस. पावसाळ्यात तंबू उतरेपर्यंत किती खेळ बदलतील याचा अंदाज मी मनात केला होता, आणि तो अंदाज मला फार आवडला होता. पौषात कधीतरी एका सकाळी दोराचा आवाज आला नाही. वळकटी उघडी होती. चादर नुसती घडी करून वर ठेवलेली. विमलने ते बघितलं, मी बघितलं, आणि त्या दिवशी काही कारण नसताना तिने शिरा केला.

घरात सिनेमावर आणि पुस्तकांवर भांडणं व्हायची, ती त्या हिवाळ्यात रंगायला लागली. वखारीच्या कामासाठी मी शनिवारी पालघरला जायचो आणि तिथल्या वाचनालयातून दोन पुस्तकं आणायचो. माझी एक खोड आहे. कादंबरीतला नायक पोट कशावर भरतो हे कळल्याशिवाय मला पुढे वाचवत नाही. पन्नास पानं झाली तरी गृहस्थ टेकडीवर जाऊन सूर्यास्तच बघतोय! सिनेमातही तेच. आई शिवणाचं यंत्र चालवते, दोन गाणी होतात आणि मुलगा डॉक्टर होऊन येतो.

"दोन गाण्यांत डॉक्टर? मॅट्रिकलाच मुलं तीनदा बसतात," मी म्हणालो.

"तुम्ही सिनेमाला येताना काटा घेऊन येत जा वखारीतला," विमल म्हणाली. "आईचे अश्रू एका पारड्यात, मुलाची डिग्री दुसऱ्या."

"आणि बाबा मग ओल किती धरली ते वजा करतील," कुंदा म्हणाली.

अण्णा हसले. मोठ्याने हसत नसत ते, खांदे हलत. विमलला रडवणारं पुस्तक चांगलं वाटायचं. कुंदाला ज्यात भुयार असेल ते. अण्णांना छापील पुस्तकांचं फारसं नव्हतं. डोळे दुखतात म्हणत. कुंदाने मोठ्याने वाचलं तर ऐकत, पण मध्येच तिला अडवून म्हणत, "ही बाई असं बोलणार नाही. लेखकाने बायकोला विचारलं नाही लिहिताना."

माघात तो मराठी सिनेमा आला. सामाजिक. खेड्यातली एक आई, शहरात गेलेला मुलगा, मधली गैरसमजाची वर्षं. लोकांना इतका आवडला की आठ दिवसांचा मुक्काम वाढतच गेला. विमलने तो तीनदा बघितला, कुंदाने दोनदा, मी एकदा आणि पुन्हा अर्धा. माझं मत तेव्हाही चांगलं नव्हतं. आईचं काम करणारी नटी मुलाच्या नटापेक्षा लहान दिसत होती, केसांना पीठ लावलं होतं आणि गालावर लाली होती.

तारापूरकडून मासळी घेऊन जानकी यायची. तिने तो चारदा बघितला होता. टोपली ओटीवर ठेवून ती आधी अण्णांशी बोले, मग विमलशी भाव. अण्णा घाटावरचे, समुद्राच्या मासळीचा त्यांना वास सोसत नसे. नाकाला उपरणं लावून गप्पा मारायचे.

"आजोबा, सांगा बगू, त्या मामाचा नाक कसा हाय?"

"मोठं. सर्दी झाल्यासारखं बोलतो."

"आन् सून?"

"सून गोरी. फार सावकाश बोलते. दात दिसतील म्हणून भिते बहुतेक."

"अगो बाय!" जानकीने कपाळावर हात मारला. "खरंच पुढं हायत तिचे दात! आमी चारदा बगून नाय ध्यानात आला. आन् आई? आई कशी हाय?"

अण्णांनी नाकावरचं उपरणं खाली घेतलं. "आई बारीक," म्हणाले. "वाळलेली. पण चालते भरभर. हातात सारखं काहीतरी असतं तिच्या."

जानकी विमलकडे बघून डोळे मिचकावत होती, कारण पडद्यावरची आई चांगली गुबगुबीत होती. पण तिने नुसती टोपली उचलली. जाताना मला दारात म्हणाली, "दादा, एकदा दाखवा की त्यांना. तुमी सगली जाता, त्यो म्हातारा एकलाच खाटंवर."

ते मला लागलं, कारण माझ्या डोक्यात तो हिशेब आधीच चालला होता. विमल तीन, कुंदा दोन, मी दीड, अण्णा शून्य. घरातल्या माणसांत वाटप बरोबर नसलं की मला झोप येत नाही. दर वेळी गोणपाट काखेत मारून निघताना, खाटेवर ताठ बसलेले अण्णा मागे ठेवताना, मला चोरासारखं वाटायचं. ते चोरटेपण मला संपवायचं होतं. आज वाटतं, अण्णांना सिनेमा दाखवण्यापेक्षा मला माझ्या हिशेबातलं ते शून्य खोडायचं होतं.

विमल म्हणाली, "कशाला? त्यांचं चांगलं चाललंय." मी म्हणालो, "तुला तीन, त्यांना शून्य." आकड्यावर उत्तर नसतं.

वखारीत गवत आणणारा जान्या होता, त्याची बैलगाडी ठरवली. तळाला गवत पसरलं, त्यावर गोधडी. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला की कसनुसा झाला हे मी आजही ठरवू शकत नाही. "एवढी यातायात कशाला, जावईबापू," एवढंच म्हणाले. पण धोतर नवं नेसले. जाकीट घातलं. विमल आणि कुंदा आधीच गाडीत बसल्या होत्या; जान्याने आणि मी मिळून अण्णांना चढवलं.

"आजोबा, पाय टाका तुमी, आमी धरलाय. बैल गरीब हाय," जान्या म्हणाला.

"बैल गरीब, मास्तर गरीब," अण्णा म्हणाले. "चला."

तंबूवाल्याशी बोलून मी खुर्ची मिळवली होती. पुरुषांच्या बाजूला, दोराजवळ. सगळे जमिनीवर आणि अण्णा एकटे खुर्चीवर, त्यामुळे मागचे कामगार आधी कुरकुरले, मग त्यांतला एक म्हणाला, "बैठने दो, बुजुर्ग हैं." दिवे गेले. नावं येऊ लागली. अण्णांना पुढचा प्रत्येक शब्द पाठ होता. मुलगा बोलायच्या आधी त्यांचे ओठ हलत. मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होतो. मला त्यांचा आनंद मोजायचा होता.

मग आई पडद्यावर आली. दारातून हाक मारत येते ती, मुलाला जेवायला बोलावते. अण्णा पुढे झुकले. मग हळूच मागे टेकले. त्यानंतर त्यांचे ओठ हलले नाहीत.

पहिल्या रिळानंतर दिवे लागले. "दिसतंय ना नीट?" मी विचारलं. "हो, छान दिसतंय," ते म्हणाले. दुसऱ्या रिळात त्यांनी डोळे मिटलेले मी बघितले. मला वाटलं, दमले. मध्ये वादळ आहे; खेड्यावर पाऊस कोसळतो, झाडं मोडतात. ते वादळ कापडाची झाडं हलवून केलेलं होतं, मागून कुणाचा तरी हात दिसत होता. लोक हसले. अण्णांनी डोळे उघडून ते बघितलं आणि पुन्हा मिटले. मध्यंतर झालं तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, निघू या का? कंबर धरली."

गाडीत कुंदा विमलच्या मांडीवर लगेच झोपली. विमलही डोळे मिटून पडली होती. जान्या पुढे बैलांशी बोलत होता. मागे भोंग्यातून उरलेला सिनेमा सुरू झाला होता, आणि गाडी जसजशी घराकडे येत होती तसतसा तो कमी न होता वाऱ्याबरोबर आमच्याच संगतीने येत होता.

वखारीचा चढ उतरल्यावर अण्णा बोलले. "त्या आईचा आवाज. आमच्या हिचा तसा होता. अगदी तस्सा. विशेषतः जेवायला बोलावते तेव्हा." मग म्हणाले, "मला वाटलं होतं..." आणि पुढचं वाक्य सोडून दिलं.

रोज संध्याकाळी हा माणूस खाटेवर बसून कुणाची वाट बघत होता ते मला त्या क्षणी कळलं. बारीक, भरभर चालणारी, हातात सारखं काहीतरी असलेली. माझी सासू तशीच होती. मी त्यांना पीठ लावलेले केस दाखवले होते.

"असो," अण्णा म्हणाले. "आता बघूनही झाला. आता निघायला हरकत नाही."

हे वाक्य बोलून ते माझ्याकडे वळले. अंधार होता, तरी वळलेले मला कळलं. ते थांबले होते. त्यांनी त्या हिवाळ्यात कितीतरी वेळा निघतो म्हटलं होतं, पण दर वेळी त्या वाक्याच्या मागे त्यांनीच एखादं शेपूट जोडलं होतं. या वेळी शेपूट नव्हतं. ते मी जोडायचं होतं. राहा, एवढा दोन अक्षरांचा शब्द. मला ते कळत होतं. पण मी इतका खजील झालो होतो की त्या माणसाला आणखी काही द्यायला जावं आणि तेही असंच बिघडावं, अशी भीती वाटली. आणि मला गप्पही बसवेना. मग मला जे येतं ते मी केलं.

"सकाळच्या गाडीने गेलात तर विरारला बदलून दादर," मी म्हणालो. "तिथे पुण्याची गाडी दुपारी मिळते. पुण्याहून नगरला एस.टी. रात्रीच्या जेवणापर्यंत पोचाल."

"बरोबर," अण्णा म्हणाले. "गाड्या तुम्ही अगदी चोख सांगता."

सकाळी दोर आवळल्याचा आवाज आला.

पुण्यापर्यंत मी सोडायला गेलो. वाटेत आम्ही गवताच्या भावावर बोललो.

त्यानंतर चारेक दिवसांनी तो सिनेमा उतरणार होता. शेवटच्या खेळाच्या दिवशी मी वखारीतून उशिरा आलो, तर विमल अंगणात तुळशीजवळ उभी. घरात दिवा लावलेला नव्हता. मी हाक मारणार तेवढ्यात तिने हात वर करून मला थांबवलं. भोंग्यातून आई मुलाला जेवायला हाक मारत होती. विमलचे डोळे मिटलेले होते. तीनदा बघूनही तिला जे ऐकू आलं नव्हतं ते ती आता ऐकत होती. हाक संपली. ती आत गेली आणि तिने खिडकी लावली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गेली चार-पाच वर्षं अण्णा नगरलाच आहेत. आम्ही जातो, दोन दिवस राहतो, येतो. वसंता दर वेळी म्हणतो की ते दिवसभर बोलत नाहीत. मी वाचनालयातली पुस्तकं आता वेगळ्या कारणाने चाळतो. नायक पोट कशावर भरतो हे बघायचं सोडलं. म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवून घेताना लोक नेमकं काय बोलतात, ते शोधतो. सापडत नाही. लेखक मंडळींचे म्हातारे एकतर पहिल्या प्रकरणात मरतात, नाहीतर आपणहून काशीला जातात. सासऱ्याला राहा म्हणणारा जावई मला अजून एकाही कादंबरीत भेटलेला नाही. सिनेमात तर जावई येतो तोच फटफटीवरून आणि गाणं म्हणून जातो.

तर या वर्षी खांब पुरले त्या संध्याकाळी विमलने खिडकी लावली आणि डासांचं कारण दिलं. जेवणं झाली. कुंदा आता पालघरच्या कॉलेजात जायच्या तयारीत असते, ती आत अभ्यास करत होती. मी ठरवलं की आज सांगून टाकायचं. म्हणालो, "त्या दिवशी गाडीत अण्णांनी निघतो म्हटलं तेव्हा मी..."

"गाड्या सांगितल्यात," विमल म्हणाली.

"तू झोपली होतीस."

"डोळे मिटले होते. झोप कशी लागेल? मी वाट बघत होते तुम्ही काय म्हणताय त्याची."

"मग तू का नाही म्हणालीस राहा? तुझे वडील."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या भाषेत कच्चा आहे. "मी म्हटल्यावर ते राहिले असते का? लेकीने म्हटलं तर ती माया. जावयाने म्हटलं तर ते घर. एवढं कळत नाही तुम्हाला? संध्याकाळपासून त्यांचे कान तुमच्याकडे होते. रोज. सिनेमाकडे नव्हते."

मी शेवटचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. मग ती म्हणाली, "आणि मीही गप्पच बसले. तुम्ही एकट्यानेच नका घेऊ ते अंगावर." पण हे तिने उठता उठता म्हटलं, आणि मला दिलासा म्हणून म्हटलं, हे मला समजलं.

गेल्या रविवारी मी नगरला गेलो. एकटाच. रजा मिळायला गवताच्या दिवसांत कठीण, पण घेतली. प्रवासात वाक्य ठरवलं होतं. अण्णा दारासमोरच्या बाकावर उन्हात बसले होते, खूप वाळले होते. वसंताने आधीच कळवलं होतं की गेल्या वर्षापासून त्यांना कमी ऐकू येतं. किती कमी ते त्याने लिहिलं नव्हतं. मी पाया पडलो, शेजारी बसलो. चाळीतल्या बायका नळावर होत्या, वसंताची बायको आतून बघत होती.

"अण्णा, आमच्याकडे राहायला चला," मी म्हणालो. त्या रात्री बैलगाडीत अंधारात म्हणायला हवं होतं त्या हलक्या आवाजात.

त्यांनी कानामागे हात लावला. "काय म्हणालात?"

"आमच्याकडे राहायला चला!"

"अं?"

नळावरच्या बायका वळल्या. वसंता आतून ओल्या हाताने बाहेर आला. जन्मात मी चारचौघांत आवाज चढवलेला नाही. वखारीत हमालांवरही नाही. मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि घसा ताणून ओरडलो, "अण्णा, राहायला चला आमच्याकडे! कायमचे! आम्हाला तुम्ही हवे आहात!"

चाळीचा जिना उतरणारा एक माणूस मध्येच थांबला. नळ वाहत राहिला. अण्णांनी कानामागचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय ते खाली घातलेल्या मानेमुळे मला दिसेना.

"कळलं हो, जावईबापू," ते म्हणाले. "ओरडता कशाला?"

मला आता जवळजवळ खात्री आहे की त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.